गुन्हेगारशास्त्र की संगणकशास्त्र? पहिल्या वर्षाच्या निवडीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, गणितात जेमतेम निभावलं, राहायला सिन्नरला, कॉलेज नाशिकला. पुढे ‘सायबर पोलिसात’ जायचंय. पहिल्या वर्षाला एकीकडे संगणकशास्त्राची तोंडओळख आहे, दुसरीकडे फौजदारी न्यायव्यवस्थेची. वडील म्हणतात कॉम्प्युटर घे. मामा म्हणतात कायद्याचं घे, पाठ करून पास तरी होशील. यातलं कोणतं घ्यावं?

मी नाशिकमध्ये अठरा वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना संगणकशास्त्र शिकवतो. गेली सात वर्षं फौजदारी न्यायव्यवस्थेच्या तोंडओळखीचा पेपरही एका वकीलबाईंबरोबर अर्धा-अर्धा घेतो. कायदा त्या शिकवतात, डिजिटल पुराव्याचा भाग माझ्याकडे. त्यामुळे दोन्ही वर्गांत मुलं कुठे अडतात ते रोज बघतो. तुमचं वय माझ्या विद्यार्थ्यांएवढंच असणार, तरी ओळख नाही म्हणून तुम्ही म्हणतो.

मामांच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण गोची तिथेच आहे. हे दोन्ही विषय पास व्हायला सोपे आणि यायला अवघड आहेत. संगणकाचं जर्नल मित्राकडून उतरवून काढता येतं, दहा ठरलेले प्रोग्रॅम घोकता येतात. कायद्याच्या व्याख्या तर पाठ करायलाच असतात असा सगळ्यांचा समज. त्यामुळे ‘सोपं कोणतं’ या प्रश्नाला उत्तरच नाही. मी मुलांना उलटं विचारतो: कोणता कंटाळा तुम्हाला सोसतो? संगणकात कंटाळा असा असतो की प्रोग्रॅम दोन तास चालत नाही आणि शेवटी कळतं की ‘फॉर’च्या ओळीनंतर चुकून अर्धविराम पडलाय. कायद्यात कंटाळा असा की एका साध्या चोरीच्या खटल्याची साठ पानं वाचायची, त्यात तेच वाक्य चार जबाबांत चार वेळा, आणि पाचव्या जबाबात एक शब्द बदललेला. तो शब्द ज्याला दिसतो त्याला तो विषय आला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं गैरसमजाने वाचलं जाणार नाही. ‘सायबर पोलीस’ ही एक नोकरी नाही. फौजदार व्हायचं असेल तर एमपीएससी द्यावी लागते आणि तिला कुठलीही पदवी चालते. तिथे मैदानी चाचणी आहे, आणि तुमच्या प्रोग्रॅमला तिथे कोणी विचारत नाही. सायबर पोलीस ठाण्यात नेमणूक नंतरची गोष्ट. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, असं त्या कायद्याचं कलम ७८ सांगतं. म्हणजे तिथवर पोचायला आधी बाकीची पोलिसगिरी करावी लागते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायचं असेल तर विज्ञान किंवा संगणकाची पदवी लागते, ती जाहिरातीतल्या अटींनुसार. बँक, विमा, आयटी कंपन्यांत फसवणूक शोधणारे विभाग असतात, तिथे संगणकवाल्यांना घेतात. आणि वकिली करायची असेल तर पदवीनंतर तीन वर्षांचा कायदा आहेच. यांतली कोणती वाट तुमची, हे तुम्हाला आज कळणार नाही, आणि कळायलाच हवं असंही नाही.

घरच्या खर्चाचा आणि प्रवेशाच्या वाटेचाही प्रश्न असतो. ‘बीसीए’ या नावाच्या अभ्यासक्रमाला २०२४ पासून राज्याची सीईटी लागते. बी.एस्सी.च्या वाटेला ती लागत नाही. नाव एकसारखं वाटलं तरी अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तिका नीट वाचा. नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकलाच आहे, हे सिन्नर-निफाडच्या मुलांना सांगावं लागतं, याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

आता संगणकाचा पहिला पेपर. मुलांना वाटतं इथे हॅकिंग शिकवतील. प्रत्यक्षात शिकवतात ते असं: चल म्हणजे काय, अट कशी लिहायची, तेच काम पुन्हापुन्हा करून घ्यायचं तर लूप कसा लावायचा, आकडे ओळीने ठेवायला अ‍ॅरे. भाषा सी असेल किंवा पायथन. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे हसत असतात. लूपमध्ये लूप आला की निम्मा वर्ग मागच्या बाकावर सरकतो. गणित कच्चं असल्याची तुमची भीती इथे बरीचशी अस्थानी आहे. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला भागाकाराची बाकी, दोनच्या पटी, संच आणि ‘आणि-किंवा-नाही’ची तर्कसारणी एवढं आलं तरी पुष्कळ. कॅल्क्युलस असेल तर तो गणिताच्या पेपरात, इथे नाही. इथे नापास होतात ती गणितात कच्ची मुलं नव्हेत, कागदावर ड्राय रन, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने हाताने चालवून बघायचा आळस करणारी.

तुमच्या वाटेवरचंच एक उदाहरण देतो. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, १५ अंकी असतो. त्यातला शेवटचा अंक मनमानी नसतो, आधीच्या १४ अंकांवरून हिशोबाने काढलेला असतो. रीत साधी आहे. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम जागेवरचा अंक दुप्पट करायचा. दुप्पट दोन अंकी आली तर ते दोन अंक एकमेकांत मिळवायचे. मग सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो पंधरावा अंक. पुस्तकांत नमुन्याला येणारा ४९०१५४२०३२३७५१८ हा क्रमांक घ्या. पहिल्या चौदा अंकांची बेरीज या रीतीने ५२ येते. साठाला आठ कमी, म्हणून शेवटी ८. वहीवर करून बघा, पाच मिनिटं लागतात. हीच रीत एटीएम कार्डाच्या क्रमांकालाही चालते, तिथे फक्त सोळा अंकांमुळे दुपटीच्या जागा बदलतात. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची ही युक्ती, १९६० साली तिचं पेटंट मिळालं.

याचा प्रोग्रॅम म्हणजे एक लूप, एक अट आणि बाकी काढायचं एक चिन्ह. पहिल्या सत्राच्या मुलाला यायलाच हवा. आता गंमत बघा. मोबाइल कंपनीकडून येणाऱ्या कॉल तपशिलात, म्हणजे सीडीआरमध्ये, आयएमईआयचा पंधरावा अंक पुष्कळदा शून्य दिसतो, कारण नेटवर्ककडे तो तपासणीचा अंक जातच नाही, त्या जागी शून्य भरलेला असतो. फिर्यादीच्या मोबाइलच्या खोक्यावर मात्र शेवटी ८. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो, ‘दोन क्रमांक जुळत नाहीत, हा फोन वेगळा.’ ज्याने पहिल्या वर्षाला तो पंधरा ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिलाय तो चौदा अंकांवरून आठ काढून दाखवतो आणि दोन्ही क्रमांक एकाच फोनचे असल्याचं समजावतो. जाता जाता: असे लांब आकडे एक्सेलमध्ये थेट उघडू नका. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी कार्ड क्रमांक आकडा म्हणून आत गेला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा असतो.

फौजदारी न्यायव्यवस्थेच्या पेपराबद्दल गैरसमज याहून मोठा. मुलं येतात ती कलमांचे आकडे घेऊन. ४२०, ३०२ हे तर सिनेमामुळे सगळ्यांना पाठ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, फसवणूक ३१८ मध्ये गेली आणि खून १०३ मध्ये. दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. ज्यांनी आकडेच पाठ केले होते त्यांचा अभ्यास एका रात्रीत शिळा झाला. ज्यांनी ‘फसवणूक कशाला म्हणायचं’ हे समजून घेतलं होतं त्यांना फक्त आकडा बदलावा लागला. जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांनी चालताहेत, त्यामुळे अजून बरीच वर्षं दोन्ही आकडे लक्षात ठेवावे लागतील, ही वेगळी कटकट.

आमच्या वकीलबाई पहिल्याच तासाला द्राक्षाचं उदाहरण घेतात. समजा दिंडोरीच्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याला माल दिला. व्यापाऱ्याने थोडे पैसे दिले, बाकीचा चेक दिला, चेक वटला नाही, फोन बंद. शेतकरी पोलीस ठाण्यात आला. हा गुन्हा आहे की दिवाणी वाद? वर्ग एका सुरात ओरडतो, ‘गुन्हा!’ मग बाई विचारतात: सौदा करतानाच त्याच्या मनात बुडवायचं होतं, की माल घेतल्यानंतर बाजार पडला आणि तो बुडाला? पहिलं असेल तर फसवणूक. दुसरं असेल तर करारभंग, आणि चेकपुरता निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा वेगळा रस्ता. सुरुवातीपासून हेतू फसवण्याचा होता का, या एका प्रश्नावर सगळं उभं आहे. मग पुढचा प्रश्न: मनातला हेतू सिद्ध कसा करणार? खोटा पत्ता दिला होता का, त्याच आठवड्यात आणखी दहा जणांना तसेच चेक दिले का, खात्यात चेक देतानाच पैसे नव्हते का. इथे वर्ग शांत होतो. गेल्या वर्षी निफाडकडचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे असंच झालं, आम्हाला ठाण्यातून परत पाठवलं, आता कळलं का ते.’ परत पाठवणं बरोबर होतं की नाही हा वेगळा मुद्दा. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती दिली तर ती नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पण मुलाला प्रश्न कुठे आहे ते कळलं.

हा विषय खरं तर प्रक्रियेचा आहे. कोणी, कधी, किती वेळात, कोणाच्या परवानगीने. अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपलीकडे नाही. दोषारोपपत्राला गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस. तेवढ्यात ते आलं नाही तर आरोपी जामीन द्यायला तयार असल्यास त्याला सोडावंच लागतं, मग गुन्हा कितीही गंभीर असो. मी संगणकाच्या मुलांना हे सगळं फ्लोचार्ट म्हणून काढायला लावतो: चौकटी, बाण, आणि प्रत्येक चौकोनात ‘हो असेल तर इकडे, नाही तर तिकडे’. कलाशाखेची मुलं ज्याला घाबरतात ती ‘इफ-एल्स’ इथे त्यांना सहज येते. आणि संगणकाची मुलं ज्याला ‘घोकंपट्टी’ म्हणून नाक मुरडतात त्यात किती काटेकोर तर्क आहे हे त्यांना दिसतं. माझ्या मते या दोन पेपरांचं खरं नातं हे आहे. बाकी ‘सायबर’ हा शब्द पाटीपुरता.

हे दोन विषय एकमेकांना भिडतात ते पुराव्यापाशी. माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून तांब्याची तार चोरीला गेली. मालक ओळखीचे, म्हणून सीसीटीव्हीचं चित्रीकरण काढून द्यायला मला बोलावलं. डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारं यंत्र, उघडला, फुटेज पेनड्राइव्हवर घेतलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रावर सही केली. काम करताना माझ्या लक्षात आलं होतं की डीव्हीआरचं घड्याळ तेवीस मिनिटं मागे आहे. मी ते मालकांना तोंडी सांगितलं, चहा प्यायलो आणि घरी आलो. लिहिलं कुठेच नाही.

बऱ्याच महिन्यांनी कोर्टात साक्षीला गेलो. चित्रीकरणात आरोपी दिसतो ती वेळ रात्री २ वाजून १० मिनिटं. आरोपीच्या वकिलांनी अंबडच्या एका कारखान्याचा हजेरीचा कागद पुढे केला: त्या रात्री आरोपी २ वाजून २० मिनिटांनी तिथून बाहेर पडला. माणूस दोन जागी कसा असेल? मी घाईने म्हणालो, डीव्हीआर तेवीस मिनिटं मागे होता, म्हणजे खरी वेळ २ वाजून ३३ मिनिटं. अंबडहून सातपूरला तेरा मिनिटांत रात्री गाडीने येता येतं. वकील अगदी शांतपणे म्हणाले, ‘कुठे लिहिलंय?’ पंचनाम्यात नव्हतं, माझ्या प्रमाणपत्रात नव्हतं. तोवर डीव्हीआर दुरुस्तीला जाऊन घड्याळ नव्याने लावलं गेलं होतं, त्यामुळे तपासूनही बघता येईना. माझं बोलणं नंतर सुचलेली सारवासारव ठरलं. ठरायलाच हवं होतं. आरोपी सुटला. चोरी त्याने केली होती की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या दिवसापासून मी दोन्ही वर्गांत एकच सवय लावतो: कुठलंही उपकरण हातात घेतलं की त्याचं घड्याळ आणि आपल्या मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्यायचं, आणि फरक मिनिटांत लिहून ठेवायचा. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या मला ते लिहावंसं वाटलं नाही, कारण माझ्या लेखी ती वजाबाकी होती. कोर्टाच्या लेखी तो पुरावा होता.

वेळेचाच आणखी एक सापळा. परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. १२ तारखेला रात्री १२ वाजून ५० मिनिटांनी सिन्नरला कोणाच्या खात्यात घुसखोरी झाली, तर नोंदीत ११ तारीख आणि १९:२० दिसेल. ती वेळ तशीच भारतीय समजून इंटरनेट कंपनीला ‘११ तारखेला संध्याकाळी ७:२० ला हा आयपी कोणाकडे होता’ असं विचारलं, तर उत्तर येईल, नावही येईल, पण भलत्याच माणसाचं. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायचे क्रमांक, ग्राहकांमध्ये फिरत असतात. साडेपाच तासांच्या चुकीने एखाद्या निरपराधाच्या दारात पोलीस जाऊ शकतात. हे गणित चौथीतलं आहे. पण ते करायचं असतं हे ठाऊक असायला संगणक लागतो, आणि न केल्याची किंमत कळायला न्यायव्यवस्था.

आता हॅशबद्दल थोडं, कारण तुम्हाला पुढे रोज लागेल. फाइलमधल्या सगळ्या बिट्सवरून एक ठरावीक लांबीचा ठसा काढतात, तोच हॅश. एसएचए-२५६ या रीतीने काढला तर ६४ अक्षरी. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच दिलेली आहे: भाग ‘अ’ देणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब ते हेच, सुधारून. हे प्रमाणपत्र म्हणजे उपचार आहे असं समजू नका. मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात पक्कं केलं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा तो वाद. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. पुन्हा घड्याळच! वर्गात आम्ही मोबाइलवर एक फोटो काढतो, हॅश घेतो, तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवून परत घेतो आणि हॅश काढतो. जुळत नाही, कारण पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो. डोळ्याला दोन्ही सारखेच. मुलं हे विसरत नाहीत.

एक गोष्ट मी कटाक्षाने दोन्ही वर्गांत घेतो, अभ्यासक्रमात असो वा नसो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्माने माणूस गुन्हेगार, रोज हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आपल्याकडची विमुक्त जाती ही वर्गवारी तिथून आलेली. माझ्या वर्गात त्या समाजांतली मुलं बसलेली असतात. आता कल्पना करा, अटकेच्या जुन्या नोंदी एखाद्या प्रोग्रॅमला खाऊ घालून ‘पुढचा गुन्हा कोण करेल’ असं विचारलं. ज्यांच्या वस्त्यांवर पोलीस वर्षानुवर्षं आधी जात राहिले, त्यांचीच नावं वर येणार. अमेरिकेत ‘कॉम्पास’ नावाच्या अशाच गुणांकनाबद्दल २०१६ मध्ये मोठा वाद झाला. फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या नोंदी तपासणाऱ्या पत्रकारांना आढळलं की पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांवर ‘धोकादायक’ हा शिक्का जास्त वेळा बसला होता. ते गुणांकन बनवणाऱ्या कंपनीने ते मान्य केलं नाही. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांतही एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. म्हणजे तक्ता वाचण्याआधी तो भरला कसा ते विचारायचं. हे केवळ संगणक शिकलेल्याला सुचत नाही, आणि केवळ कायदा शिकलेल्याला मोजता येत नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत. मुख्य विषय संगणकशास्त्र घ्या, आणि ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा जोडविषय म्हणून, फौजदारी न्यायव्यवस्था किंवा गुन्हेगारशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात इलेक्टिव्ह मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, त्यामुळे हे नियमात बसतं. तुमच्या कॉलेजात तो पेपर प्रत्यक्ष चालतो की नुसता यादीत आहे, हे मात्र विभागात जाऊन विचारा. कारण सांगतो. कायद्याचं वाचन बाविसाव्या वर्षीही सुरू करता येतं, त्याला तीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. प्रोग्रॅमिंगचा हात मात्र रोज घासून बसतो, आणि तो घासायला पहिल्या दोन वर्षांसारखा मोकळा वेळ पुन्हा मिळत नाही. आमच्या वकीलबाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, प्रोग्रॅमिंग यूट्यूबवर शिकलेले शंभर जण बघितले, प्रक्रिया यूट्यूबवर शिकलेला एकही नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. तुम्हाला माणसांच्या गोष्टी, जबाब, भांडणं वाचायला मनापासून आवडत असतील, आणि अर्धविरामाने दोन तास खाल्ल्यावर मशीन फोडावंसं वाटत असेल, तर त्यांचं ऐका, माझं नको.

दोन गोष्टींपासून लांब राहा. कॉलेज रोडवर ‘सहा महिन्यांत सायबर तज्ज्ञ’च्या पाट्या दिसतील. पदवीच्या तिसऱ्या वर्षी त्यातला एखादा कोर्स उपयोगी पडेलही, पहिल्या वर्षी नाही. दुसरं, हॉस्टेलच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर ‘सराव’ करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. पोलिसात जायचं म्हणणाऱ्याने चारित्र्य पडताळणीच्या अर्जात हे लिहायची वेळ आणू नये.

प्रवेशाला अजून वेळ आहे तर दोन्ही विषय फुकटात चाखून बघा. आयएमईआयचा तो प्रोग्रॅम मोबाइलवर पायथन टाकून लिहायचा प्रयत्न करा, कितीही वाईट होऊ दे. आणि एक दिवस नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडली तर कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मोबाइल बंद, बोलायचं नाही. पहिला तास काहीच कळणार नाही, तारखांवर तारखा पडतील. एखादी साक्ष मिळाली तर तिथेच थांबा. शिवाय पोलिसांच्या संकेतस्थळावर संवेदनशील प्रकरणं वगळून एफआयआर टाकलेल्या असतात, मराठीत. दहा वाचा. ‘सबब’, ‘मजकूर’, ‘मुद्देमाल’, ‘लबाडीने’ ही भाषा डोक्यात बसायला लागेल. प्रोग्रॅमसाठी जितका वेळ बसलात आणि कोर्टात जितका वेळ बसलात, त्यांतला कोणता लवकर सरला ते लक्षात ठेवा.

शेवटचं, सिन्नरचे आहात म्हणून. संगणकाची प्रॅक्टिकल पुष्कळ कॉलेजांत दुपारच्या सत्रात असतात. एका क्रेडिटला तिथे साधारण तीस तास धरतात, थिअरीला पंधरा, म्हणजे खरा वेळ लॅबमध्येच जातो. माझ्याकडे येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांपैकी जी मागे पडली, त्यांतली बरीचशी हुशार होती, पण गाडी चुकेल म्हणून शेवटचा अर्धा तास उठून जायची. नेमक्या त्याच अर्ध्या तासात प्रोग्रॅम चालायला लागतो. प्रवेश घेण्याआधी विभागातून मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागून घ्या आणि बसच्या वेळांशी ताडून बघा.